सरांचं वादळ

मुकुंदवाडीत सरांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी मला किल्लीबरोबर घराचा नकाशा दिला. हाताने काढलेला, खाली प्रमाण आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण. जिना, मोरी, पाण्याची टाकी, तुळस, सगळं जागच्या जागी. एका चौकोनात 'भाडेकरूचे वाहन' असं लिहिलं होतं.

"वाहन नैर्ऋत्येला लावायचे," सर म्हणाले. "ईशान्य मोकळी ठेवायची. तिथून माझी सायकल निघते."

मी शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला. दिवसभर यंत्रांचे नकाशे बघणारा माणूस, पण नैर्ऋत्य कुठे आली हे बघायला मला मोबाइल काढावा लागला. सरांनी ते पाहिलं, आणि त्या दिवशी माझ्याबद्दल त्यांचं जे मत झालं ते पुढे कधी सुधारलं नाही. आता मी पुण्याला असतो, ती खोली कधीच सोडली, पण तो नकाशा अजून माझ्या कपाटात आहे.

सर म्हणजे करमाडच्या शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. त्यांच्या घरात डावं-उजवं नव्हतंच. चपला वायव्येला, चष्मा दक्षिणेला. जेवताना ते काकूंना "पूर्वेकडची भाजी वाढ" म्हणत आणि काकू हाताला येईल ती वाढत. शहराचं नाव बदललं त्याच दिवशी सरांनी भिंतीवरच्या नकाशावर नव्या नावाची चिठ्ठी कापून चिकटवली. तिचा गोंद वाळेपर्यंत त्यांनी पंखा लावू दिला नाही.

बोलणं तर छापल्यासारखं. करमाडजवळच्या वस्तीवर जन्मलेला माणूस, पण तोंडातून एक शब्द गावाकडचा निघेल तर शपथ. वर्गात कोणी 'लई' म्हणालं की त्याला 'पुष्कळ' हा शब्द पन्नास वेळा लिहावा लागे. काकू मात्र दिवसभर लई-लई करत घरात वावरायच्या. त्यांना शिक्षा करायची सरांची काय टाप होती!

एकदा मी सहज विचारलं, "सर, तुमचे वडील काय करायचे?"

"पशुसंवर्धन," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर बॅग घेऊन फिरणारा सरकारी जनावरांचा डॉक्टर आला. तो बरीच वर्षं तसाच राहिला.

सरांची खरी ख्याती होती ती त्यांच्या वादळाची. मुकुंदवाडीपासून करमाडपर्यंत रिक्षावाला असो, किराणा दुकानदार असो की बँकेतला कॅशियर, सरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ते वादळ तोंडपाठ होतं. अरबी समुद्र, आगबोट, काळंकुट्ट आकाश. माणसं रडतायत, ओकतायत, नवस बोलतायत. तरुण सर कठड्याला धरून उभे. त्यांना घेरी येते, पाय सुटतात. तेवढ्यात म्हातारा कॅप्टन येऊन त्यांचं मनगट धरतो आणि म्हणतो, "पाण्याकडे पाहू नकोस. पाणी फिरते, मग डोके फिरते. लांब, न हलणाऱ्या रेषेकडे पाहा आणि चाल!" या 'चाल'ला सर टेबलावर डस्टर आपटत. पहिल्या बाकावरची मुलं पांढरी होत. हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता, पण परीक्षेत काहीही विचारलं तरी मुलं त्यात कॅप्टन घालायची.

एखादा जुना विद्यार्थी घरी आला आणि "सर, ते वादळ..." म्हणाला, की सर लगेच काकूंकडे वळून म्हणायचे, "अगं, चहा ठेव." काकू आत जायच्या. आधीचे कप अजून ओलेच असले तरी जायच्या. त्या बैठकीत मी एका संध्याकाळी चार-चार चहा प्यालो आहे. सरांच्या अगत्याचं मला फार कौतुक वाटायचं.

या वादळाने एका पोराचं मात्र खरंच डोकं फिरवलं. करमाडजवळच्या वस्तीवरचा हा मुलगा बोटीवरच जायचं म्हणून हटून बसला, शिकला आणि गेला. आज तो एका मोठ्या प्रवासी जहाजावर इंजिनिअर आहे. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. सरांना कानाला फोन लावायला आवडत नसे, त्यामुळे तो आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"सर, तुमच्यामुळे मी इथवर आलो. तुम्ही आमच्या जहाजावर यायचंच. मुंबईहून गोवा आणि परत, तीन दिवस. तुमच्यासाठी, काकूंसाठी आणि ताईसाठी मी सोय केलीय. पावसाळा संपता संपता, हंगामाची पहिलीच फेरी आहे. समुद्र जरा खवळलेला असेल, पण तुम्हाला काय त्याचं!"

"हो हो. मला काय त्याचे," सर म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ नकाशातल्या अरबी समुद्राकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी एक वही निघाली. मुखपृष्ठावर 'समुद्र : अडचणी व उपाय'. डाव्या पानावर अडचण, उजव्या पानावर उपाय. पहिली अडचण 'मळमळ'. तिचे उपाय नऊ पानं पुरले, कारण सरांनी अख्ख्या गल्लीचा सल्ला घेतला. गल्लीत समुद्र कोणीच पाहिला नव्हता, पण एसटीत ओकलेले सगळेच होते, तेव्हा अनुभवाला तोटा नव्हता. बेंबीत हिंग भरा. लिंबू हुंगा. सदऱ्याच्या आत पोटावर वर्तमानपत्र ठेवा. त्यावर, वर्तमानपत्र मराठी असावं की हिंदी, असाही वाद झाला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, "सर, कुछ नको करो, आंखें बंद करके सो जाओ." सरांनी तेही शुद्ध मराठीत उतरवून घेतलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. सरांनी पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचला. दुष्परिणामांत मळमळ हा शब्द सापडल्यावर त्यांनी गोळ्या परत केल्या.

मग सराव सुरू झाला. सर एसटीने दौलताबादच्या घाटात जायचे, तेही शेवटच्या सीटवर बसून. एका रविवारी मला बरोबर नेलं. कंडक्टर म्हणाला, "काका, फुडं बसा की, गाडी रिकामीच हाय."

"मला मागेच बसायचे आहे. मला त्रास व्हायला हवा," सर म्हणाले.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "मग टपावर बसा," तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.

व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरही सराव चाले. सर पोटभर नाश्ता करून त्यावर बसायचे आणि मी झोके द्यायचे. झोके सारखे द्यायचे नाहीत, कारण लाटा सारख्या नसतात. मी एक मोठा, दोन लहान, मधेच एक तिरका असा देत होतो, आणि खोटं कशाला बोलू, नैर्ऋत्येचा सूडही त्यात थोडा होताच. बाराव्या मिनिटाला सर उतरले आणि तुळशीपर्यंतही पोचले नाहीत.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "झोपाळ्यावर ह्ये हाल, तर बोटीवर काय व्हईल? नका जाऊ ना मग! कुणी बंदूक लावलीया का?"

त्या आत गेल्यावर सर पायरीवर बसले. चेहरा उतरलेला, ओठावर पोह्याचा कण.

"तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "मी समुद्र पाहिलेला नाही."

मला वाटलं, डोकं फिरलंय म्हणून बोलतायत. "म्हणजे अलीकडे?"

"कधीच नाही. शाळेची कोकणची सहल दोनदा निघाली. दोन्ही वेळा मला ताप आला."

"आणि ते वादळ?"

"वाचनातून," सर म्हणाले. मग माझा हात धरला. सरांनी कोणाचा हात धरल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "तो पोरगा मला पाहून समुद्रावर गेला. त्याच्यासमोर मी जर असा... तर त्याला काय वाटेल? चौतीस वर्षे मास्तरकी केली. उरले आहे ते एवढे एकच पोर, ज्याने माझे ऐकून काही केले."

मग मात्र मी रोज संध्याकाळी झोके दिले, आणि सरळ दिले. सरांच्या मुलीला, म्हणजे फोनवरच्या 'ताई'ला, रजा मिळाली नाही. तिची जागा सरांनी मला दिली. कारण काय, तर प्रसंग आलाच तर ते कोसळण्याआधी मी कोसळायचं, म्हणजे त्या विद्यार्थ्याचं लक्ष माझ्याकडे जाईल. मी कबूल झालो. फुकट गोवा होतं.

निघायच्या दिवशी बॅगेवरून भांडण. काकूंनी त्यात एक जुनी काळी घोंगडी भरली होती. सरांनी ती काढली. "जहाजावर घोंगडी? लोक काय म्हणतील?" काकूंनी पुन्हा भरली. सरांनी पुन्हा काढली. शेवटी सर चपला शोधायला वायव्येला गेले तेव्हा काकूंनी ती तळाशी घालून वर सरांचेच शर्ट रचले.

मुंबईला बंदरावर पोचलो तर समुद्र दिसेचना. समोर जहाजच एवढं मोठं, की एखाद्या सोसायटीच्या भिंतीपुढे उभं राहावं तसं झालं. समुद्र दिसला तो थेट वरच्या मजल्यावरून. सर कठड्याशी गेले. मी जरा मागे राहिलो, माणसाने पासष्टाव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा बघावा तर एकट्याने बघावा म्हणून. पाणी गढूळ, चहासारखं.

"नकाशात निळा असतो," सर तक्रारीच्या सुरात म्हणाले. पण तिथून अर्धा तास हलले नाहीत.

पहिला दिवस शांत गेला आणि सरांचा आत्मविश्वास परतला. त्यांनी लगेच जहाजाच्या दिशा ठरवल्या. जेवणघर पूर्वेला, पोहण्याचा तलाव उत्तरेला. संध्याकाळी तलाव दक्षिणेला निघाला. जहाज वळलं होतं. सरांनी दोनदा मोजलं, सूर्याकडे पाहिलं आणि वही मिटली. सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे, हे त्यांच्या भूगोलात बसत नव्हतं. तो विद्यार्थी पांढऱ्याशुभ्र गणवेशात येऊन त्यांच्या पाया पडला, तेव्हा सरांनी त्याला "चांगले आहे तुमचे जहाज" एवढंच म्हटलं आणि लगेच त्याला कामावर पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र उठला.

सर तयार होते. बेंबीत हिंग, सदऱ्याखाली वर्तमानपत्र, खिशात लिंबू, कानात कापूस. आश्चर्य म्हणजे त्यांना काहीच झालं नाही. ठरल्याप्रमाणे मी कोसळलो, फक्त त्यात नाटक काही नव्हतं. मोठ्या बैठकीच्या दालनात मी कागदी पिशवी तोंडाशी धरून बसलो होतो. काकू घोंगडी पांघरून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सर त्या घोंगडीकडे बघायचं टाळत होते.

तेवढ्यात तो विद्यार्थी आला. बरोबर त्याचा सहकारी, रत्नागिरीचा. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, याच्याकडून तुमचं वादळ इतक्यांदा ऐकलंय! कुठल्या बंदरातून निघाली होती तुमची आगबोट?"

सरांनी खिशातलं लिंबू घट्ट धरलं. मग सवयीने काकूंकडे वळून म्हणाले, "अगं, जरा चहा..."

आणि वेटर चहाचा ट्रे घेऊन हजर झाला. काकूंना आत पाठवायला जहाजावर 'आत' नव्हतंच. तेव्हा कुठे मला ते चार-चार चहा समजले, पण तोंडाशी पिशवी असल्यामुळे मला काही करता आलं नाही.

"सर नेहमी असेच संकोचतात," विद्यार्थी कौतुकाने म्हणाला. "मीच सांगतो." आणि त्याने सांगितलं. अगदी सरांच्याच शब्दांत, सरांच्याच आवाजात. आकाश, लाटा, नवस, घेरी. काकू कान देऊन ऐकत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या वर्गात त्या कधी बसल्या नव्हत्या. "तेवढ्यात म्हाताऱ्या कॅप्टनने सरांचं मनगट धरलं. म्हणाला, पाण्याकडे पाहू नकोस..."

"अवो, ही तर मामंजींची गोष्ट हाय की!" काकू म्हणाल्या.

विद्यार्थी थांबला.

"आमच्या मामंजींची. दुधनेच्या पुराची," काकू आनंदाने सांगू लागल्या. "मेंढरं घिऊन पल्याड जायचं व्हतं. ह्ये तवा बारा वर्साचे. मधोमध ह्यांला घेरी आली, रडाया लागले. तवा मामंजींनी मनगट धरलं अन् म्हणले, पाण्याकडं बघू नको, पल्याडच्या बाभळीकडं बघ अन् चाल. दर पावसाळ्यात सांगायचे मामंजी. त्या दिशी त्यांच्या अंगावर हीच घोंगडी व्हती. मधीच आगबोट कुठून आली, अन् बाभळ कुठं गेली?"

कप आपोआप टेबलाच्या एका कडेला सरकले आणि परत आले. रत्नागिरीकर आपल्या चहात बघू लागला.

सरांनी तोंड उघडलं. 'हिची गल्लत होते आहे', हे वाक्य मला त्यांच्या ओठांवर स्पष्ट दिसलं. ते म्हणाले असते तर विद्यार्थ्याने मानलंही असतं. त्याला मानायचंच होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घोंगडीकडे पाहिलं.

"व्हय," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'व्हय' ऐकला नव्हता. माझी मळमळ क्षणभर थांबली.

"तो कॅप्टन माझा बाप व्हता. बोट नव्हती, मेंढरं व्हती. समुद्र मी काल पयल्यांदा बघितला." सरांनी कानातला कापूस काढला. "नोकरीच्या पयल्या दिशी वर्गात एका पोरानं इचारलं, सर, तुमचे वडील काय करत्यात? तोंडातून पशुसंवर्धन निघालं. मग बापाची गोष्ट सांगायची तर बाप कुठं ठिवू? बापाचं नाव सांगवंना अन् गोष्ट टाकवंना. बोटीवर ठिवला त्याला. चौतीस वर्सं बोटीवर ठिवला."

बाहेर पाणी काचेवर आपटत होतं.

"सर, माझा बाप बी मेंढरंच राखतो," विद्यार्थी म्हणाला.

"ठावं हाय. शाळेच्या रजिस्टरात तुझ्या बापाचा धंदा मीच लिवला. शेती म्हणून."

"अन् मी अजून त्येच लिवतो. ह्या जहाजाच्या कागदावर बी." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्यो दरसाली म्हणतो, मला तुझी बोट दाव. अन् मी दरसाली म्हणतो, औंदा नाय जमायचं. सर, तुम्ही आमच्या वर्गात खरं सांगितलं असतं ना, तर मी हात वर करून म्हणलो असतो, माझा बी बाप. लई सोपं झालं असतं."

'लई' म्हटल्यावर त्याची नजर सवयीने खाली गेली. सरांनी काही टोकलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मलाही वाईट वाटलं, आणि सरांचा रागही आला. इतक्या पोरांना दिशा शिकवणाऱ्या माणसाने या एका पोराला चुकीच्या बाजूला पाठवलं होतं, आणि ते सरांना आत्ता, इथे, समुद्रात कळत होतं.

"आण त्याला," सर म्हणाले. "फुडच्या फेरीला आण. घोंगडीसकट आण."

विद्यार्थ्याने मान हलवली. तेवढ्यात जहाज असं कलंडलं की टेबलावरचे कप खाली आले. प्रवाशांनी आपापल्या खोलीत जावं, अशी घोषणा झाली. दालनाच्या दारापर्यंत वीस-पंचवीस पावलं होती, आणि मधे धरायला काही नव्हतं. खुर्च्याही इकडून तिकडे जात होत्या. सर उठले आणि त्यांना घेरी आली. तीन महिने ज्याची तयारी केली ते अखेर आलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ आणि पाणी एकच राखाडी झालं होतं.

"रेघच दिसंना," सर म्हणाले. आवाज बारा वर्षांच्या पोराचा होता.

विद्यार्थ्याने टोपी घातली. लटपटत, तोल सावरत तो दालन पार करून गेला आणि पलीकडच्या दारात पाय रोवून, चौकटीला पाठ लावून उभा राहिला. एक हात वर केला.

"सर, पाण्याकडं बघू नका!" तो ओरडला. "माझ्याकडं बघा अन् चला!"

सरांनी खिशातलं लिंबू काढून माझ्या हातात दिलं. सदऱ्याखालचं वर्तमानपत्र करकरलं. मग ते त्याच्याकडे बघत चालू लागले. त्यांच्या मागे काकू, आणि काकूंच्या घोंगडीचं टोक धरून, मान खाली घालून, मी.